ब्रेकमध्ये काहीतरी आहे

११ नोव्हेंबर २०२४

टायरवाल्याने दिवाळीला ही डायरी दिली. साल पुढचं छापलेलं आहे, पण मी तारखा खोडून आजपासूनच लिहायला घेतो. गाडीचं काही काम केलं की महिन्याभराने आठवत नाही काय केलं होतं. कापडाचे लूम चालवत होतो तेव्हा सगळं डोक्यात राहायचं. आता पन्नाशी ओलांडली.

लूम भंगारात गेले आणि त्याच शेडमध्ये पिकअप उभी राहिली, त्याला दोन वर्षं झाली. गाडी सेकंडहँड घेतली, पण सेकंडहँडसारखी ठेवली नाही. ऑइल, फिल्टर, पट्टा, स्प्रिंगच्या पाट्यांचं ग्रीस, सगळं घरी करतो. जमलं नाही तर बुऱ्हाणपुरातच शनवारा दरवाज्याजवळ गजाननचं गॅरेज आहे. तो शाळेपासूनचा मित्र. तिथेही पाना माझ्याच हातात असतो. तो स्टुलावर बसून सांगतो, मी करतो.

आज शहापूरकडून केळी भरून येताना ब्रेक विचित्र लागला. गाडी थांबते, पण पेडल पायाला लागत नाही. खाली कापूस भरून ठेवल्यासारखं वाटतं. लाइनमध्ये हवा शिरली असणार. रविवारी काढतो.

१७ नोव्हेंबर

हवा काढली. मुलगी गायत्री शाळेत शिकवते, आज तिला सुट्टी होती, म्हणून तिला पेडलवर बसवलं. मी खाली. "दाब, सोड, दाब, आता दाबून धर," असं म्हणत चाकामागचा छोटा निपल सैल करायचा, तेल नळीतून बाटलीत येतं, सोबत हवेचे बुडबुडे येतात. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची, म्हणजे मागचं डावं. चारही चाकांना केलं. बुडबुडा एकही नाही. तेलही जुनं नव्हतं, तरी बदलून टाकलं.

गायत्री म्हणाली, "पप्पा, पेडल तर एकदम कडक आहे."

मी बसून दाबलं. कापूसच. तिने आयुष्यात स्कूटी सोडून काही चालवलं नाही, तिला कडक काय आणि नरम काय.

२४ नोव्हेंबर

मागचे ड्रम उघडले. ब्रेकशू चांगले आहेत. पॉलिश पेपर मारला, धूळ झटकली, शू थोडे बाहेर घेतले. चाक हाताने फिरवलं की जरा घासलं पाहिजे, तेवढंच. ते बरोबर झालं.

संध्याकाळी बायकोने, शारदाने, पाय धुवायला पाणी दिलं आणि माझ्या उजव्या पायाकडे बघत राहिली. घोट्याच्या खाली भला मोठा फोड आला होता. पाय सायलेन्सरला लागला असेल. मला कळलंही नाही. मी म्हणालो, "बघ, कातडी किती जाड झाली आहे माझी." ती हसली नाही. म्हणाली, "शुगरची गोळी घेतली का?" दिवाळीपासून संपली आहे. आणतो म्हणालो.

४ डिसेंबर

गजाननला गाडी दिली. तो तापीच्या पुलावरून जैनाबादला जाऊन आला. खाली उतरून चावी माझ्या हातात ठेवली. "काय शोधी राहिला तू? ब्रेक नंबर एक आहे."

मी म्हणालो, "मला पेडल लागत नाही."

"मला लागलं."

"तू रोज चालवत नाहीस ही गाडी."

त्याने माझ्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाला, "चपलेवर चालवतो ना तू? बूट घे. चपलेत पकड येत नाही." हे पटलं. परवा तर चप्पल केबिनमध्येच राहिली आणि मी एका पायाने अनवाणी अख्ख्या मंडीत फिरलो. पंडितभाऊंनी दाखवलं तेव्हा कळलं, सगळे हसले. पंडितभाऊ म्हणजे शहापूरचे, त्यांचीच केळी मी वाहतो.

येताना मावा जिलेबी घेतली. गजाननने एक खाल्ली, बाकी मी.

८ डिसेंबर

आज बूस्टर तपासला, पेडलवरचा पायाचा जोर वाढवतो तो. ही तपासणी कोणालाही घरी करता येते. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा मारायचं, ते दगडासारखं होतं. मग पाय दाबून ठेवून इंजिन चालू करायचं. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं तर बूस्टर चांगला. नाही गेलं तर गेला.

मी केलं. नाही गेलं. तीनदा केलं. नाही.

गायत्रीला बसवलं. म्हणाली, "गेलं ना पप्पा. मस्त खाली गेलं."

"नीट बघ."

"बघायचं काय त्यात, पायाला कळतं."

परत मी बसलो. नाही गेलं. माझ्या मते बूस्टर कधी काम करतो, कधी नाही. असे दोष शोधायला सगळ्यात अवघड. वर्षानुवर्षं लूमवर पाहिलं आहे, मिस्त्री बघायला आला की दोरा तुटत नाही.

१८ डिसेंबर

एक चांगली गोष्ट. एअर फिल्टरच्या डब्याचा नट हरवला होता, सगळी शेड झाडून काढली होती. आज रात्री बूट काढला तर आत तोच नट. सकाळी खाली वाकून काम करताना पडला असेल. म्हणजे शहापूर, मंडी, परत शहापूर, दिवसभर मी त्यावर उभा होतो. तळव्याला करंगळीच्या खाली खड्डा पडला आहे, थोडं रक्त. हळद लावली. दुखत नाही.

शारदा म्हणाली, "डॉक्टरकडे जाऊ."

मी म्हणालो, "न दुखणाऱ्या पायासाठी डॉक्टर?"

२९ डिसेंबर

मास्टर सिलिंडर बदलला. बूस्टरच्या पुढे लागलेला, सगळ्या चाकांना तेल ढकलतो तो. बाकी सगळं तपासून झालं होतं, हाच राहिला होता. गजानन तयार नव्हता. "जुन्यात काही नाही, नंदू. पेडल दाबून धरलं तर बसत नाही ना हळूहळू? मग?"

मी म्हणालो, "तू बदल. वजन भरून मला पुलावरून यायचं असतं, तुला नाही."

"तू म्हणतो म्हणून बदलतो." हे दोनदा म्हणाला. या वेळी पाना त्याने माझ्या हातात दिला नाही, सगळं स्वतः केलं. हवा काढली, निपल घट्ट केले, पुसून कोरडे केले, पेडल दाबून ठेवून पुन्हा गळती पाहिली. एवढा वेळ लावून काम करणारा माणूस बुऱ्हाणपुरात दुसरा नाही.

येताना मला बरं वाटलं. पेडल थोडं लागलं, असं वाटलं.

१० जानेवारी २०२५

काल संध्याकाळी गाडी शेडमध्ये घेत होतो. शारदा मागच्या भिंतीशी उभी होती. रोज तीच सांगते, या, या, अजून या, बस.

ती "बस" म्हणाली. मी ब्रेक दाबला. पूर्ण दाबला. गाडी थांबली नाही, उडी मारल्यासारखी पुढे गेली. हँडब्रेक ओढला तेव्हा बंद पडली. तोवर शारदा बंपर आणि भिंत यांच्यामध्ये होती. ती ओरडली नाही. नुसतं "अहो" म्हणाली.

ब्रेक फेल झाला. जळगावला आणलं आहे. मांडीचं हाड मोडलं आहे आणि कमरेचंही. उद्या ऑपरेशन.

१२ जानेवारी

मांडीत रॉड घातला. तीन महिने झोपून राहावं लागेल, नंतरही पाय पहिल्यासारखा होईल असं डॉक्टर म्हणाले नाहीत.

हवालदार आला होता. ब्रेक फेल, मी सांगितलं. घरातली बाब म्हणून त्याने जास्त विचारलं नाही.

शुद्धीवर आल्यावर शारदा म्हणाली, "गाडी केवढ्याने ओरडली हो."

"तू बोलू नकोस आता."

नंतर बाकावर बसून विचार केला. ब्रेक फेल होताना इंजिन ओरडतं का? मला तर काही ऐकू आलं नाही. तिला भास झाला असेल. एवढ्या दुखण्यात काहीही ऐकू येतं.

१४ जानेवारी

गजानन जळगावला आला. बसने. हातात पपई आणि बिस्किटं. मी त्याला वॉर्डाच्या दारातच अडवलं.

"तुझ्या भरवशावर होतो मी."

त्याने पिशवी खाली ठेवली, आत बघायचा प्रयत्न केला. शारदाने तोंड भिंतीकडे केलं. मला वाटलं, तिचाही राग आहे. तो गेला.

भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, कसं झालं. मी सांगतो, नवीन मास्टर सिलिंडर बसवला होता. कोणी बसवला विचारतात, तेही सांगतो. यात खोटं काही नाही.

२७ जानेवारी

शारदाला घरी आणलं. पुढच्या खोलीत पलंग लावला. गायत्री शाळेत जायच्या आधी सगळं करून जाते, दुपारी मी असतो.

गजाननने निरोप पाठवला होता, गाडी एकदा बघू दे. मी चावी गायत्रीकडे दिली, स्वतः बाहेर आलो नाही. तो सकाळी शेडमध्ये आला तो दिवे लागेपर्यंत. खिडकीतून दिसत होतं. जुनं धोतर पसरून त्यावर एकेक भाग उघडून मांडला, पुसला, उजेडात धरला, परत बसवला. जेवायला बोलावलं नाही. पाणी गायत्रीने दिलं.

शेवटी दारात आला. "काही सापडलं नाही, नंदू. म्हणजे चूक माझीच असेल आणि मला दिसत नसेल."

मी म्हणालो, "असेल."

आत शारदा रडत होती. पाय दुखतो का विचारलं तर नाही म्हणाली.

९ फेब्रुवारी

गाडी उभी ठेवून भागणार नाही. रितेशला लावलं. इथल्याच लालबागचा, तिशीचा, बायको-पोरं असलेला, हात चांगला आहे. सकाळच्या फेरीला मीही सोबत बसतो, पण पायाला काहीतरी झालं आहे, जरा लंगडतो, म्हणून स्टिअरिंग त्याच्याकडे.

त्याला आधीच सांगितलं, ब्रेकचा भरवसा नाही, लांबून दाब. आज पुलावरून उतरताना तो म्हणाला, "अंकल, ब्रेक तो मस्त है. छुओ तो लगता है. आप किस बात से डर रहे हो?"

गजाननने त्या दिवशी उघडलं तेव्हा चूक गुपचूप नीट केली असणार. मग तोंडावर सापडलं नाही म्हणाला. माणूस असाच ओळखू येतो.

२२ फेब्रुवारी

शनवाऱ्याकडून आलो. गजाननचं शटर खाली. शेजारच्या चहावाल्याला विचारलं. म्हणाला, गाड्या येणं बंदच झालं होतं, पिकअपवाले तर कोणीच येत नव्हते. आलेली एखादी गाडीही तो दिवसभर सोडायचा नाही, एक काम चार वेळा उघडून बघायचा, गिऱ्हाईक वैतागून जायचं. मग नेपानगरला मुलीकडे गेला. कुसुमकडे. बायको गेल्यापासून तो तसा एकटाच होता.

मला वाईट वाटलं नाही. हेही लिहून ठेवतो. घरी येऊन शारदाला सांगितलं, तर ती बराच वेळ वर पंख्याकडे बघत राहिली. पंखा बंद होता.

४ मार्च

शारदा म्हणाली, "घरात काहीतरी मेलं आहे. वास येतो." गायत्रीने पलंगाखाली पाहिलं, कपाट ओढलं. उंदीर नाही, काही नाही.

रात्री मी बूट काढला आणि शारदा तिथूनच म्हणाली, "आता जास्त येतो."

गायत्रीने मोजा काढला. मोजा निघत नव्हता, चिकटला होता. तिने पाहिलं आणि बाहेर जाऊन उलटी केली. ती नटाची जखम होती. मला वाटलं होतं कधीच भरली असेल. करंगळी काळी पडली आहे, आणि तिच्या शेजारचं बोटही. अजूनही दुखत नाही.

६ मार्च

डॉक्टरांनी दोन्ही पाय टेबलावर घेतले. हातात पेनासारखं काहीतरी होतं, पुढे नायलॉनचा दोरा. म्हणाले, "डोळे मिटा. पायाला लागलं की हो म्हणा."

मी डोळे मिटून वाट बघत राहिलो. बाहेर कोणाचं तरी बाळ रडत होतं, शांत झालं, परत रडायला लागलं. मला वाटलं डॉक्टरांना फोन आला असेल.

शेवटी मीच म्हणालो, "साहेब, सुरू करा ना."

ते म्हणाले, "झालं माझं."

डोळे उघडले. गायत्री तोंडावर ओढणी धरून उभी होती. डॉक्टर लिहीत होते. लिहिता लिहिता विचारलं, "कापसावर चालल्यासारखं वाटतं का?"

मी हो म्हणालो.

"किती दिवस?"

दिवाळीपासून, म्हणालो.

"गाडी चालवता का?"

मी मोजा शोधायला लागलो. गायत्रीच बोलली.

येताना रिक्षात ती माझा हात धरून होती. मी सगळं एकेक आठवत होतो. हवेचा बुडबुडा आला नाही. बूस्टर तपासताना पेडल तिच्या पायाखाली गेलं, माझ्या नाही. पेडल कडक होतं. गजाननला लागलं, रितेशला लागलं. आणि गाडी ओरडली होती. ब्रेक फेल झाला तर गाडी ओरडत नाही. अॅक्सिलरेटर दाबला तर ओरडते.

११ मार्च

दोन बोटं काढली. साखर उतरायला वेळ लागला म्हणून उशीर झाला. गायत्री एका खोलीत मला बघते, दुसऱ्या खोलीत आईला. शाळेतून रजा मिळत नाही, शेजारच्या वैजयंतीबाई दुपारच्या बसतात. धुळवडीला अजून तीन दिवस आहेत, पण गल्लीतली पोरं आत्ताच रंग भरून बसली आहेत. गायत्रीने दार लावून घेतलं.

२३ मार्च

आज शारदाला सांगितलं. दोघांचे पलंग आता एकाच खोलीत आहेत, मध्ये स्टूल, त्यावर दोघांच्या गोळ्या. मी छताकडे बघून बोललो. म्हणालो, "ब्रेक फेल नव्हता झाला. पाय ब्रेकवर नव्हताच. मला नुसतं वाटलं, की आहे."

ती म्हणाली, "मला ठाऊक होतं."

मी वळून पाहिलं.

"समोर उभी होते ना मी. गाडी ओरडली, आणि काचेतून तुमचं तोंड दिसत होतं. तुम्ही जोर लावत होता. जेवढा तुम्ही जोर लावला तेवढी ती ओरडली."

"मग बोलली का नाहीस?"

"जळगावला बोलले की. तुम्ही म्हणालात, बोलू नकोस."

तिने तोंड वळवलं. मला वाटलं तिला झोप लागली.

ती म्हणाली, "नंतर रोज सांगायचं ठरवायचे. वाटायचं, लूम गेले, आता गाडीही हातातून गेली तर हा माणूस काय करेल. आणि खरं सांगू, भीतीही वाटायची. तुम्ही म्हणाला असतात, तुला गाडीतलं काय कळतं." 

मी तेच म्हणालो असतो.

"गजाननभाऊ शेडमध्ये दिवसभर शोधत होते, तेव्हा मी इथे पडून होते. एक हाक मारली असती तर झालं असतं. त्यांचं दुकान तुमच्या बोलण्याने गेलं, तसं माझ्या न बोलण्यानेही गेलं. जाल तेव्हा माझंही सांगा."

१२ एप्रिल

आज पहिल्यांदा काठी घेऊन केळी मंडीत गेलो. रितेशने सोडलं. कडुनिंबाखाली पिकअपवाले बसले होते, नेहमीचेच. मी उभं राहूनच सांगितलं, गजाननच्या कामात खोट नव्हती. माझा पाय मेलेला होता, मी ब्रेक समजून दुसरं पेडल दाबलं.

एक जण म्हणाला, "कौन गजानन?"

"अरे वो शनवारेवाला."

"अच्छा वो. उसका तो सुना था, काम बिगाड़ता है."

"किसने बोला था यार?"

कोणाला आठवेना. मी म्हणालो, मी बोललो होतो. एकाने सरकून मला जागा दिली, दुसऱ्याने चहा सांगितला, बिनसाखरेचा. त्याच्या सासऱ्यांचाही पाय असाच गेला म्हणाला. मग केळीच्या दराच्या गोष्टी निघाल्या, इच्छापूरकडे घडाला काय मिळतं, वादळात कोणाची केळी पडली. कोणी वाईट वागलं नाही. फक्त माझं ऐकून कोणाचं काही बदललं नाही.

शनवाऱ्यावर त्या शटरच्या आत आता मोबाइलची कव्हरं लटकतात.

२० एप्रिल

गाडी रितेशला दिली. सकाळी त्याला शेडमध्ये बसवून सगळं सांगितलं. डिझेल फिल्टरखालचा स्क्रू पावसाळ्यात दर आठवड्याला सैल करून पाणी काढायचं. बॅटरीच्या टोकांवर पांढरं जमलं तर गरम पाणी ओतायचं, पुसायचं, वर ग्रीस लावायचं. सकाळी चालू केल्यावर पट्टा चिरकला तर ताण बघायचा, थंडीत थोडा चिरकतोच. चिखलातून आल्यावर पाट्यांना ग्रीस. केळी भरलेली असताना उतारावर गिअर काढायचा नाही.

तो मान हलवत होता. म्हणाला, "और ब्रेक, अंकल?"

"ब्रेकला काही करू नकोस. चांगल्या माणसाने बसवलेला आहे."

गाडी बाहेर निघाली. शारदा वॉकर धरून दारापर्यंत आली होती. शेडमध्ये मागच्या भिंतीवर बंपरचा ओरखडा आहे, तिथे ती बघत नाही, मीही नाही.

११ मे

नेपानगरला जाऊन आलो. गायत्री येते म्हणाली, मी नको म्हणालो. सकाळची रेल्वे रिकामी होती. चांदनी स्टेशनपासूनच ऊन तापायला लागलं.

कुसुमने दार उघडलं. लहानपणी माझ्या मांडीवर खेळलेली पोरगी. या म्हणाली नाही. "बाबा गिरणीवर आहेत," म्हणाली. मग माझी काठी आणि पाय बघून पाणी आणून दिलं, आणि म्हणाली, "काका, ते आता कोणाच्या गाडीला हात लावत नाहीत. तुम्ही काही काम सांगायला आला असाल तर सांगू नका."

पिठाची गिरणी गल्लीच्या टोकाला. गजानन डबे वजन करत बसला होता. हात कोपरापर्यंत पांढरे. शाळा सुटल्यापासून त्याचे हात मी काळेच पाहिलेले, नखांतसुद्धा. मला बघून त्याने गिरणी बंद केली.

मी सगळं सांगितलं. पायाचं, डॉक्टरांचं, शारदाने सांगायला सांगितलेलं. मंडीत सांगितलं तेही. तो डब्याचं झाकण लावत होता, काढत होता.

मग म्हणाला, "म्हणजे सिलिंडर बरोबर होता."

"बरोबर होता."

"निपल?"

"सगळं बरोबर होतं, गजा."

त्याने डोळे मिटले. मग म्हणाला, "त्या दिवशी तुझ्या शेडमध्ये शेवटी मला असं वाटायला लागलं, की एक निपल सैल होता आणि मी पाहिला. नव्हता, पण वाटायला लागलं. मग प्रत्येक गाडीत वाटायला लागलं."

मी म्हणालो, "परत चल. माझी शेड रिकामी आहे. तिथे गॅरेज टाक. मी स्टुलावर बसतो, तू कर."

तो नाही म्हणाला. रागाने नाही. "पाने विकले मी. पाने परत घेता येतील. पण घट्ट केलेला नट घट्ट आहे, हे आधी हातालाच कळायचं. आता कळत नाही. तू खरं सांगितलं तरी कळत नाही. असा माणूस ब्रेकला नको."

मी म्हणालो, "मला माफ कर."

"तू आजारी होता," तो म्हणाला. मग डबा बाजूला सरकवून म्हणाला, "पण दारात मी म्हटलं, चूक माझी असेल. तेव्हा तू असेल म्हणाला. तेवढं नव्हतं म्हणायचं."

 

परतीच्या गाडीला तो स्टेशनपर्यंत आला. माझ्या चालीने चालला, पिशवी त्याने घेतली.  गाडी आली तेव्हा मी दांडा धरला आणि पाय उचलला, पण पायरीवर पडला की हवेत आहे ते मला कळेना, खाली बघितलं तर गर्दीत दिसेना. मागून लोक ढकलत होते.

गजाननने वाकून माझी पोटरी धरली, पाय पायरीवर नेऊन ठेवला. "ठेवला. आता जोर दे." मी जोर दिला. "आता दुसरा. ठेवला."

मी आत चढलो. खिडकीशी जागा मिळाली. त्याने पिशवी आत दिली. गाडी सुटली तेव्हा तो फलाटावर तसाच उभा होता, आणि माझ्या पँटवर पोटरीपाशी त्याच्या पाची बोटांचं पीठ होतं. कुठे धरलं होतं ते मला ते बघूनच कळलं.